गणपतीनंतर न परतलेल्या कामगार : गळतीचे कारण कसे शोधावे

चिपळूण, महाड किंवा कुडाळकडच्या शिवणकारखान्यात गणपतीच्या रजेनंतर चार-पाच मशिनी रिकाम्या राहिल्या, की ‘आता भातकापणी उरकल्यावरच येतील’ असे म्हणून विषय मिटवला जातो. काहींच्या बाबतीत ते खरेही असते. परंतु सण सर्वांनाच सारखा असताना गळती एकाच लाईनीत (एका सुपरवायझरच्या हाताखालच्या मशिनींच्या रांगेत) होत असेल, तर कारण कारखान्यातच शोधावे.

प्रथम वर्षभराच्या हजेरीपटावरून काम सोडलेल्या प्रत्येकीची लाईन, सुपरवायझर आणि शेवटच्या महिन्यातील खाडे लिहून काढावेत. तिने आधी लाईन बदलून मागितली होती का, हे आवर्जून पाहावे. तक्रार करण्याचे धाडस नसलेली बाई बहुधा तेवढेच मागते. ऑल्टरचे (शिलाई चुकल्याने दुरुस्तीला परत आलेले) पीस अंगावर फेकणे, टार्गेट चुकल्यावर सर्वांदेखत घाणेरडे बोलणे, शिलाई दाखवण्याच्या निमित्ताने पाठीवर ओणवे होणे, हे सारे ‘प्रॉडक्शनचे टेन्शन’ म्हणून सोडून देऊ नये.

विचारपूस दुसऱ्या विभागातील विश्वासू बाईने करावी, आणि तीही सासरच्या माणसांसमोर नव्हे. एका वाडीतल्या तिघी-चौघी एकाच रिक्षेने कामाला येतात. एकीबद्दल बोभाटा झाला, की उरलेल्यांनाही घरचे पाठवत नाहीत.

2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील महिला, किमान निम्मे सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरचा असावा लागतो. मालकाच्या नातलग बाईला अध्यक्ष केल्याने कागद पुरा होतो, पण तिच्याकडे कोणी फिरकत नाही. तक्रार घटनेपासून 3 महिन्यांत लेखी द्यायची असते. लिहिता येत नसेल, तर समितीनेच लिहिण्यास साहाय्य करायचे असते. चौकशी 90 दिवसांत संपवावी लागते आणि त्या काळात तक्रारदार महिलेच्या लेखी विनंतीवरून दोघांपैकी एकाची बदली किंवा तिला 3 महिन्यांपर्यंत रजा देण्याची शिफारस समिती करू शकते. कर्मचारी दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे.

समितीच्या नेमणुकीचा आदेश दर्शनी जागी लावणे बंधनकारक आहे. तो मॅनेजरच्या केबिनबाहेर न लावता जेवणाच्या जागेत लावावा. आणि सुपरवायझरच्या बढतीचा विचार करताना त्याने शिवून घेतलेल्या पीसच्या संख्येसोबत त्याच्या लाईनीतून किती जणी गेल्या, हेही मांडावे.