जुनी रोड सायकल पुन्हा रस्त्यावर आणताना या चुका टाळा

जुन्या स्टीलच्या रोड सायकली वापरून जेवढ्या खराब होत नाहीत, तेवढ्या दुरुस्त करताना होतात. गंजाला सगळेच घाबरतात. खरा घात करतो तो उलट्या दिशेने फिरवलेला पाना आणि अंदाजाने आणलेला पार्ट.

फ्रेम न तपासता पॉलिश करणं

क्रोम चमकवायला आणि हँडलला नवी टेप गुंडाळायला नंतर भरपूर वेळ आहे. आधी हेडट्यूबच्या (हँडल बसतं ती पुढची आखूड नळी) मागे, टॉपट्यूब (वरची आडवी नळी) आणि डाउनट्यूबच्या (खालची तिरकी नळी) खालच्या अंगाने बोट फिरवा. तिथे बारीक घडी लागली किंवा रंगाला आडवी चीर दिसली, तर सायकल कधीतरी समोरून धडकलेली आहे. मग मागचं चाक काढून एक दोरा एका ड्रॉपआउटला (मागचा एक्सल बसतो ती खाच) बांधा, हेडट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणा आणि दोरा ते सीटट्यूब (सीटखालची उभी नळी) हे अंतर दोन्हीकडे मोजा. एक-दीड मिलिमीटरचा फरक चालतो. पाच निघाला, तर एकही पार्ट विकत घेण्याआधी फ्रेम सरळ करून घ्या.

अडकलेल्या सीटपोस्टला आच देणं

स्टीलच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट (सीटचा दांडा) वर्षानुवर्षं राहिला की दोन धातूंच्या मध्ये क्षार धरतात आणि पोस्ट जाम होतो. अशा वेळी हमखास गॅसची टॉर्च काढली जाते. पण तापल्यावर ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणजे पोस्ट आणखीच घट्ट बसतो, शिवाय रंग जळतो तो वेगळाच. इथे थंडी कामाची. बॉटम ब्रॅकेट (पेडलांच्या मधला बेअरिंगचा भाग) काढा, सायकल उलटी करा आणि खालून सीटट्यूबमध्ये गंज सोडवणारं तेल ओता. ते एक-दोन दिवस मुरू द्या. मग पोस्टवर बर्फ धरा, त्याचं डोकं मोठ्या व्हाइसमध्ये पकडा आणि फ्रेम हळूहळू फिरवा. ओढायचं नंतर, आधी फिरवायचं.

नवा पोस्ट घेताना मापात तडजोड नको. ही मापं ०.२ मिमीच्या टप्प्याने बदलतात. २७.२ च्या जागी २७.० बसतो खरा, पण घसरत राहतो. मग बोल्ट आवळून आवळून फ्रेमचे कान (हा बोल्ट जातो ते दोन उंचवटे) चिमटले जातात.

आटे न ओळखता जोर लावणं

सगळ्यात महागडी चूक हीच. इंग्लिश आट्यांच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये चेनकडचा कप (बेअरिंग धरणारी आट्यांची वाटी) घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. इटालियन आणि फ्रेंच फ्रेममध्ये दोन्हीकडचे आटे साधे, म्हणजे तोच कप उलट्या दिशेने सुटतो. कपवर १.३७×२४ असेल तर इंग्लिश, ३६×२४ इटालियन, ३५×१ फ्रेंच. अक्षरं पुसली असतील तर शेलची (बॉटम ब्रॅकेट बसतो ती फ्रेमची आडवी नळी) रुंदी मोजा: ७० मिमी इटालियन, ६८ असेल तर बहुधा इंग्लिश. ‘बहुधा’ एवढ्यासाठी की फ्रेंचही ६८ च असतं.

पेडलचं सोपं: पाना पेडलवर चढवून वरच्या दिशेला धरा आणि मागच्या चाकाकडे ढकला. दोन्ही पेडलं अशीच सुटतात.

चौकोनी एक्सलचा क्रँक (पेडल बसतं तो दांडा) काढताना बोल्टसोबत त्याखालचा वायसरही निघाला ना, हे आत डोकावून बघा. वायसर राहिला, तर एक्सट्रॅक्टर (क्रँक ओढून काढणारं हत्यार) त्यालाच रेटत बसतो आणि क्रँकचे आटे मरतात.

जुन्याच छऱ्यांवर नवं ग्रीस

ग्रीस वाळून मेण झालेलं असतं. त्यावर स्प्रे मारून चाक फिरायला लागलं म्हणजे काम झालं असं नाही. हब (चाकाचा मधला भाग) पूर्ण उघडा. छर्रे स्वस्त असतात, सगळे बदला. बहुतेक हबमध्ये पुढे ३/१६ इंची, दर बाजूला १० आणि मागे १/४ इंची, दर बाजूला ९ लागतात. तरी जुने मोजूनच टाका. कोनवर (छर्रे ज्यावर फिरतात तो शंकूसारखा नट) खड्डे दिसले तर कोनही बदला, नाहीतर कितीही ॲडजस्ट केलं तरी चाक खरखरतच राहील.

क्विक रिलीज (लिव्हरने चाक काढायची-आवळायची सोय) असेल तर कोन आवळताना किंचित प्ले, म्हणजे ढिलाई, मुद्दाम ठेवा. लिव्हर दाबली की पोकळ एक्सल जरासा आखडतो आणि तो प्ले जातो. बाकावर अगदी नीट वाटणारं चाक सायकलवर जड फिरतं, त्याचं कारण हेच.

टायर, केबल, ब्रेक

२७ इंची आणि ७०० सी एकच नव्हेत. टायर बसतो तिथे पहिल्याच्या रिमचा व्यास ६३० मिमी, दुसऱ्याचा ६२२. ट्यूब चालते, टायर नाही. ७०० सी चाकं घालायची असतील तर ब्रेक शू ४ मिमी खाली उतरले पाहिजेत. कॅलिपरमध्ये (ब्रेकच्या चिमट्यात) तेवढी जागा आहे का ते आधी मोजा. रिमच्या कडेला आतून हूक नसेल तर हवा ७० पीएसआयच्या आत ठेवा, टायर उडू शकतो.

गिअरची आउटर (केबलवरची नळी) ब्रेकला लावू नका. तिच्यात तारा लांबीला सरळ असतात, जोरात ब्रेक दाबल्यावर ती फाटू शकते. दगडासारखे झालेले जुने ब्रेक शू घासून वापरण्यात अर्थ नाही.

पहिल्या फेरीत काय बिघडतं

जोर लावला की चेन उडते: नवी चेन झिजलेल्या फ्रीव्हीलवर (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) बसत नाही. जुनी चेन मोजा. १२ पूर्ण कड्या ३०४.८ मिमी असायला हव्यात. ३०८ च्या आसपास गेली असेल तर फ्रीव्हीलही गेलं समजा.

पुढचा ब्रेक दाबला की टकटक होते: हेडसेट (हेडट्यूबमधलं हँडलचं बेअरिंग) सैल आहे.

क्रँकच्या दर फेरीला एक ‘कट्’ येतो: क्रँकचा बोल्ट बघा आणि तोवर सायकल चालवू नका. सैल क्रँकचं चौकोनी भोक दोन-चार किलोमीटरमध्येही गोल होऊ शकतं, आणि मग तो आवळून काही उपयोग नसतो.

चढावर गिअर आपोआप उतरतो: डिरेलरला (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) हात लावू नका. डाउनट्यूबवरच्या लिव्हरचा स्क्रू पाव फेरा आवळा.