प्राध्यापकांनो, वर्गात या चुका टाळा

पहिल्या तासाला हजेरी झाली की दार लावून घ्यायचं, अशी माझी बरीच वर्षं शिस्त होती. एका पावसाळ्यात तास संपवून बाहेर आलो, तर एक मुलगी व्हरांड्यात खिडकीखाली बसून वही लिहीत होती. फळा दिसत नव्हता, नुसतं कानावर पडेल ते उतरवत होती. गगनबावड्याकडची पोर. पहाटेची पहिली एसटी धरूनही तिला रोज दहा मिनिटं उशीर व्हायचा, आणि मी तिला बेशिस्त समजत होतो. तिनं कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही.

सगळ्यांना एकच नियम लावला म्हणजे न्याय झाला, असं मी धरून चाललो होतो. आता हजेरी शेवटी घेतो आणि पहिली दहा मिनिटं मागच्या तासाची उजळणी करतो. ‘मग सगळेच उशिरा येतील’ असं सहकारी म्हणाले. चार-पाच जण आले तसे, आठवडाभर. मग उजळणीत परीक्षेला येणारे प्रश्न घ्यायला लागलो, आपोआप वेळेवर यायला लागले.

आमच्या कोल्हापुरात पावसाळ्यात सबमिशनची तारीख ठरवताना पंचगंगेकडेही बघा. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांवर इशारा पातळी, ४३ वर धोका. तोवर खेड्यापाड्यांकडचे कितीतरी रस्ते बंद झालेले असतात. अशा वेळी प्रत्येकाकडून अर्ज मागत बसू नका, सरसकट मुदत वाढवा.

‘काही शंका?’ असं विचारून लगेच पुढच्या मुद्द्यावर जाणं ही दुसरी चूक. चंदगड-आजऱ्याकडची बारावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलं, निपाणीकडची घरी कन्नड बोलणारी मुलं, इंग्रजी वाक्य मनात जुळवेपर्यंत तुम्ही पान उलटलेलं असतं. चिठ्ठ्या घ्या, असं सगळे सुचवतात. मीही घेतल्या, निम्म्या कोऱ्या आल्या. कारण साधं होतं: लिहिणारा एकटाच दिसला की शेजाऱ्याला कळतं, शंका कुणाला आहे. म्हणून आता प्रश्न बदललाय, ‘आज सगळ्यात अवघड काय गेलं, एक ओळ लिहा, कुठल्याही भाषेत.’ सगळ्यांनाच लिहायचं असतं, नाव टाकायचं नसतं.

‘स्कॉलरशिपवाले उभे राहा’ असं भर वर्गात म्हणू नका. शाहू महाराजांनी जिथं १९०१ पासून बोर्डिंगं उभी केली, त्या गावात आजही हे चालतं याचं नवल वाटतं. महाडीबीटीच्या, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलच्या, तारखा सगळ्या वर्गाला कळवा, अडलेला कागद ज्याचा त्याला एकट्याला.

अपंगत्व म्हटलं की आपल्याला व्हीलचेअर तेवढी दिसते. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, डिस्लेक्सियासारखी शिकण्यातली अडचण आणि मानसिक आजारही त्यात येतात. विद्यापीठाच्या परीक्षेत लेखनिक घेणाऱ्याला तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, पण आपल्या चाचणीत ती द्यायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. नोट्सच्या पानांचे फोटो काढून पीडीएफ टाकतो, तीही गडबडच. दृष्टिहीन मुलाला मजकूर वाचून दाखवणाऱ्या मोबाईलला ते नुसतं चित्र दिसतं, अक्षर वाचता येत नाही. टाइप केलेली फाइल द्या.

आणि गप्प गप्प झालेल्या पोराला ‘टेन्शन घेऊ नकोस रे’ म्हणून पाठीवर थाप मारणं. त्यानंतर पोरगं पुन्हा काही सांगत नाही. ‘झोप लागते का? जेवतोयस का?’ एवढं विचारा आणि ऐका. जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का, हेही सरळ विचारता येतं. विचारल्यानं ते डोक्यात भरत नाही. ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्द मात्र देऊ नका. समुपदेशकाकडे जायचं ठरलं, तर दारापर्यंत सोबत जा.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. माझ्या वर्गात तो फळ्याच्या कोपऱ्यात बारा महिने लिहिलेला असतो. कुणाला मागायला यावं लागत नाही, बघून न बघितल्यासारखं करून टिपून घेता येतो. फळा पुसताना तेवढा कोपरा सोडा, असं शिपाईमामांना सांगून ठेवलंय.