थायरॉइडचा रिपोर्ट हातात आला की काय बघायचं

"तिला थायरॉइड आहे" असं आपल्याकडे सर्रास म्हणतात, पण थायरॉइड ही गळ्यातली ग्रंथी, ती तर सगळ्यांनाच असते. म्हणून नवीन डॉक्टरकडे गेलात तर नुसतं थायरॉइड आहे सांगू नका, हायपो की हायपर ते सांगा, कारण दोन्हीची औषधं एकदम उलटी आहेत. हायपो म्हणजे हार्मोन कमी पडतंय, हायपर म्हणजे जास्त होतंय. हे दोन शब्द एकदा डोक्यात बसले की पुढचं बरंच सोपं जातं, हायपोग्लायसेमिया म्हणजे रक्तातली साखर उतरली, हायपरकॅल्सेमिया म्हणजे रक्तात कॅल्शियम वाढलं.

आता रिपोर्टमधला टीएसएच (थायरॉइड स्टिम्युलेटिंग हार्मोन) बघा. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. टीएसएच थायरॉइडमधून येतच नाही, तो मेंदूच्या खाली असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो आणि थायरॉइडला कामाला लावतो. थायरॉइड ढिला पडला की पिट्युटरी जोर लावते, म्हणून टीएसएच वाढलेला दिसला तर बहुतेक वेळा तो हायपो असतो, हायपर नाही! मोठ्या माणसांत साधारण ०.४ ते ४ नॉर्मल धरतात, पण लॅबप्रमाणे थोडा फरक असतो आणि प्रेग्नन्सीत हिशोब वेगळा, त्यामुळे आपल्या आकड्याशेजारी छापलेली रेंजच बघायची.

फक्त टीएसएचवर थांबू नका, खाली फ्री टी फोर, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, असेल तर तोही वाचा. समजा टीएसएच ७ आलाय आणि फ्री टी फोर रेंजमध्ये आहे, तर त्याला सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम म्हणतात, यात प्रत्येकाला गोळी लागतेच असं नाही, बऱ्याचदा काही आठवड्यांनी परत टेस्ट करायला सांगतात. टीएसएच जास्त आणि फ्री टी फोर कमी म्हणजे सरळसरळ हायपो. पण दोन्ही कमी असतील तर प्रॉब्लेम पिट्युटरीत असू शकतो, असा रिपोर्ट लगेच एंडोक्रायनॉलॉजिस्टला, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरला, दाखवा प्लीज.

अँटी टीपीओ, म्हणजे थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडीजची टेस्ट, पॉझिटिव्ह असेल तर हाशिमोटो हे नाव ऐकायला मिळेल, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर हल्ला करते. १९१२ मध्ये जपानी डॉक्टर हाशिमोटोंनी हा आजार मांडला म्हणून त्यांचं नाव. ग्रेव्ह्ज नावाचा आजार हे हायपरचं नेहमीचं कारण. गॉयटर म्हणजे गलगंड, ग्रंथी सुजून मोठी झालेली, ती हायपोत दिसते, हायपरमध्येही दिसते आणि कधीकधी हार्मोन अगदी नॉर्मल असतानासुद्धा.

आणखी एक, केसांसाठी बायोटिन हे व्हिटॅमिन घेत असाल तर टेस्टआधी डॉक्टरांना सांगाच, त्याने आकडे चुकीचे येऊ शकतात. थायरॉक्सिनचा, म्हणजे हायपोच्या गोळीचा, डोस बदलला असेल तर टीएसएच साधारण ६ ते ८ आठवड्यांनी करतात, पंधरा दिवसांत टेस्ट करून आकडा हलला नाही म्हणून मनाने गोळी वाढवू नका.