फांदीखाली पांढरं कापड धरा

पानं जरा कुरतडलेली दिसली की लोक म्हणतात, झाडाला कीड लागली. मला काळजी वाटते ती एकही पान न कुरतडलेल्या झाडाची. तिथे सुरवंट नाहीत, म्हणजे सुरवंटांवर जगणारेही उपाशी. अशा झाडावर फवारणी झाली आहे का, ते आधी विचारा.

झाडावर कोण कोण जगतं, ते मोजून बघायला लागतं फार थोडं: मीटरभर पांढरं कापड, जाड काठी, भिंग आणि वही. पानं कोरडी असताना जा. ओल्या कापडाला किडे चिकटून मरतात. हाताशी येणाऱ्या फांदीखाली एकाने कापड ताणून धरायचं, दुसऱ्याने फांदीवर पटापट पाच ठोके द्यायचे. फांदी मोडेल इतक्या जोराने नको.

कोळी आधी मोजा, ते क्षणात कडेला पळतात. उड्या मारणारा कोळी मात्र थांबतो, अख्खं अंग वळवून समोरचे दोन टपोरे डोळे तुमच्यावर रोखतो. सहा पाय असले तर कीटक, आठ असले तर कोळ्यांच्या गोतातला. शेतकरी ज्याला ‘लाल कोळी’ म्हणतात तीही आठ पायांचीच, पण ती पानातला रस शोषणारी माइट, म्हणजे कोळ्यांच्या गोतातलाच अगदी बारीक जीव. धुळीने माखलेल्या झाडांवर ती फार वाढते, कारण तिला खाणाऱ्यांना धुळीत नीट शिकार करता येत नाही. म्हणून मी पानावरून अंगठा फिरवून धूळही नोंदवते.

वहीत चार रकाने करा: पानं खाणारे, रस शोषणारे, शिकारी, आणि खोडावरची बुरशी-शेवाळ खाणारे. नुसत्या आकड्यापेक्षा हे चारही रकाने भरतात का, ते बघा. मावा शेकड्याने, पानांवर चिकटा (माव्याने टाकलेला चिकट रस), आणि माव्याला खाणारा ढालकिडा (लेडीबर्ड) किंवा कोळी औषधालाही नाही, असं पुन्हापुन्हा दिसलं तर काहीतरी बिघडलंय. कोवळ्या पालवीवर चार दिवस मावा वाढला, तर लगेच घाबरू नका.

चौथ्या रकान्यासाठी खोडावर भिंग लावा. सालीवर बारीक किड्यांचा घोळका मेंढरांसारखा चरताना दिसेल. ही सालीवरची ऊ. वाळवी समजून तिला झाडून टाकतात, पण झाडाचं ती काहीच बिघडवत नाही.

खोडावर हवेचा परिणाम किती होतो, ते इंग्लंडमधल्या पेपर्ड मॉथ नावाच्या फिकट, ठिपकेदार पतंगाने दाखवलं. त्याचा काळा प्रकार 1848 मध्ये मँचेस्टरला नोंदला गेला. काजळीने खोडं काळवंडली, फिकट पतंग पक्ष्यांना चटकन दिसू लागले, आणि 1895 पर्यंत तिथे सुमारे 98 टक्के पतंग काळे होते. 1956 च्या स्वच्छ हवेच्या कायद्यानंतर काजळी घटली आणि फिकट पुन्हा वाढले.

तुलना करताना झाडाची जात, फांदीची उंची, वेळ आणि ठोके तेच ठेवा. रस्त्यालगतचं एक झाड घ्या, रस्त्यापासून बरंच आत असलेलं त्याच जातीचं दुसरं. एका दिवसाच्या मोजणीवरून निकाल देऊ नका. निदान वर्षभर दर महिन्याला जा.

मोजून झालं की कापड त्याच फांदीला टेकवून सगळ्यांना परत चढू द्या. अंड्यांची पिशवी धरलेली कोळीण असेल तर तिला सर्वांत आधी.