संकटातील मुलांसाठी मदत कशी द्यावी

युद्धात किंवा आपत्तीत सापडलेल्या मुलांसाठी शक्यतो वस्तूंऐवजी पैसे द्यावेत. कारण जुने कपडे निवडण्यात आणि वाहून नेण्यात मदतकार्याचाच वेळ खर्ची पडतो. युनिसेफ (स्थापना १९४६) किंवा सेव्ह द चिल्ड्रन (स्थापना १९१९) यांसारखी, त्या प्रदेशात आधीपासून कार्यरत असलेली संस्था निवडावी आणि तिचे लेखापरीक्षित हिशेब वाचावेत. देणगी एकाच कामाशी बांधू नये. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ज्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरतो, त्याला अतितीव्र कुपोषणावरील उपचार तातडीने लागतात, आणि अशी मुले उद्या कोठे आढळतील हे देणगीदाराला आधी ठाऊक नसते.

एका बाबतीत विशेष सावध राहावे. ताटातूट झालेले प्रत्येक मूल अनाथ नसते, बहुतेकांचे कोणी ना कोणी नातेवाईक हयात असतात. म्हणून नवे अनाथालय उभारण्याच्या किंवा घाईने दत्तक देण्याच्या आवाहनाला प्रतिसाद न देता, रेड क्रॉस करते तशा कुटुंब-शोधाच्या कार्याला हातभार लावावा. मुलांची ओळख पटेल अशी छायाचित्रे पुढे पाठवू नयेत. बातम्या ओसरल्यानंतरही शाळा आणि मानसिक आधार दीर्घकाळ लागतो, तेव्हा लहान का होईना, मासिक देणगी चालू ठेवावी.