‘राजाश्रय’ मुलांना समजावताना

वरळी कोळीवाड्यातल्या माझ्या घरी संध्याकाळी आठ-दहा मुलं इतिहासाला बसतात. ‘पोर्तुगालच्या राजांनी दर्यावर्दींना राजाश्रय दिला’ हे त्यांना तोंडपाठ असतं. राजाश्रय म्हणजे काय, असं विचारलं की गप्प. म्हणून मी नकाशा नंतर काढते, आधी वाट्याचं बोलते. होडीचा वाटा कुणाला, जाळ्याचा कुणाला, खलाशाच्या हाती काय, हे इथल्या पोरांना शिकवावं लागत नाही.

मग फळ्यावर तीन रकाने आखा: पैसा, परवाना, वाटा.

पहिला, पोर्तुगालचा राजपुत्र हेन्री. १४३४ मध्ये त्याच्या गिल इयानिश या दर्यावर्दीने आफ्रिकेचं बोजादोर भूशिर ओलांडलं. १४४३ मध्ये हेन्रीला सनद मिळाली: भूशिरापलीकडे त्याच्या परवान्याशिवाय कुणी जायचं नाही, आणि राजाला मिळायचा तो पाचवा हिस्साही त्यालाच. इथे थांबा. पुढच्याच वर्षी पोर्तुगालच्या लागोस बंदरात २३५ माणसं गुलाम म्हणून उतरवली. पाचवा हिस्सा मुलांनाच काढू द्या. ती ४७ सांगतात. त्या काळच्या बखरीत हेन्रीच्या वाट्याला ४६ माणसं आल्याची नोंद आहे. या भागाकारानंतर मुलं शांत होतात. लगेच पुढे जाऊ नका.

नंतर मक्ता. १४६९ मध्ये राजा पाचव्या अफोन्सोने गिनीचा, म्हणजे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याचा, व्यापार लिस्बनच्या फर्नाव गोमेशला पाच वर्षांच्या मक्त्याने दिला. वर्षाला २,००,००० रेइश (पोर्तुगालचं नाणं) भरायचे, शिवाय दरवर्षी १०० लीग नवा किनारा शोधायचा. १०० लीग म्हणजे जवळजवळ मुंबई ते पणजीचा रस्ता. नकाशावर लोकरीचा धागा लावून दाखवा. पैशाच्या रकान्यात मुलं सवयीने ‘राजा’ लिहितात, तो पुसून ‘गोमेश’ लिहायला लावा.

दुसऱ्या जुआंवपासून राजा स्वतः उतरला: १४८२ मध्ये गिनीच्या किनाऱ्यावर एल्मिनाचा किल्ला, १४८८ मध्ये बार्तोलोमेव डायस आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या केप ऑफ गुड होपला वळसा घालून आला. पुढचा राजा मॅन्युएल, त्याच्या काळात वास्को द गामा १४९८ ला कालिकतला पोचला. हे पाठ्यपुस्तकात असतं, भराभर घ्या.

शेवटी मुलांना किनाऱ्यावर न्या. खाडीपलीकडे बांद्र्याचा किल्ला दिसतो, पोर्तुगिजांनी १६४० मध्ये बांधलेला. तिथे बसून १६६१ चा करार त्याच तीन रकान्यांत त्यांनाच भरायला सांगा: पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण. वाटा कुणाचा, यावर त्यांना मनसोक्त भांडू द्या.