नोकरी सोडून एकट्यानं जग फिरायला निघताय? राजीनामा सगळ्यात शेवटी द्या आणि या चुका टाळा

हिंजवडीत नऊ वर्षं काढल्यावर मी पेपर टाकले आणि चौदा महिने एकटी फिरले. परत आल्यापासून कोथरूडच्या घरी कुणी ना कुणी येऊन विचारतं, "कसं जमवलंस?" आधी कुठल्या देशात जावं, भीती वाटली नाही का, असे प्रश्न असतात. मी मात्र उलट एकच विचारते: "राजीनामा दिला नाहीस ना अजून?"

कारण माझ्या प्रवासात जे बिघडलं, त्यातलं बहुतेक पुण्यातच, निघण्याआधीच्या तीन महिन्यांत बिघडलं होतं. बाहेर गेल्यावर ते फक्त उघडकीला आलं.

आधी राजीनामा, मग व्हिसा

माझी सगळ्यात महागडी चूक हीच. आधी युरोप करायचा असं ठरवलं होतं. कंपनीतला शेवटचा दिवस झाला, निरोप समारंभ झाला, आणि मग मी शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) फाइल करायला बसले. त्या फाइलला गेल्या काही महिन्यांच्या सॅलरी स्लिप, बँक स्टेटमेंट, आयटी रिटर्न आणि कंपनीचं रजेचं पत्र लागतं. माझ्याकडे रजेच्या पत्राऐवजी नोकरी सोडल्याचं रिलीव्हिंग लेटर होतं. तीन आठवड्यांनी पासपोर्ट परत आला, सोबत नकाराचा कागद: व्हिसा संपण्याआधी तुम्ही परत जाल याबद्दल शंका आहे. अर्जाचे ९० युरो गेले, ते परत मिळत नाहीत.

तेव्हा खूप राग आला. आज त्या अधिकाऱ्याच्या जागी बसून बघते तेव्हा कळतं, समोरच्या कागदांत मला परत आणणारं काहीच नव्हतं. नोकरी नाही, परतीचं तिकीट नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी बिनपगारी रजा किंवा सबॅटिकल मागून बघा. मी मागितलीच नाही, "देणार नाहीत" हे मनाशीच ठरवून टाकलं. रजा मिळाली तर ते पत्र खरं असतं आणि फाइल भक्कम होते. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, त्यामुळे युरोप मार्गाच्या सुरुवातीला ठेवा आणि व्हिसा हातात आल्यावरच पुढचं पाऊल उचला. "बँकॉकला पोचल्यावर तिथूनच करू" हा विचार सोडून द्या. शेंगेनचा अर्ज साधारणपणे तुम्ही ज्या देशात कायदेशीर रहिवासी आहात तिथूनच घेतला जातो, पर्यटक म्हणून आलेल्याचा नाही.

राजीनामा देऊन झाला असेल तर? खोटं रजेचं पत्र कधीही बनवू नका. पकडलं गेलं तर पुढच्या प्रत्येक देशाच्या अर्जात ते आडवं येतं. कव्हरिंग लेटरमध्ये सरळ लिहा की नोकरी सोडली आहे, इतके महिने फिरणार आहे आणि या कारणांनी परत येणार आहे. एफडी, तीन वर्षांचे रिटर्न, घराचे कागद जोडा. तरीही शंका वाटत असेल तर मार्गच उलटा करा, मीही तेच केलं. व्हिएतनामचा ई-व्हिसा २०२३ पासून ९० दिवसांपर्यंतचा मिळतो, तिथून सुरुवात केली. अमेरिकेचा वैध व्हिसा पासपोर्टवर असेल तर मेक्सिकोला वेगळा व्हिसा लागत नाही. ऑनसाइटच्या, म्हणजे कंपनीच्या परदेशातल्या कामाच्या निमित्तानं असा व्हिसा मिळालेले पुण्यात कितीतरी आहेत आणि त्यांना हे माहीतच नसतं. कुठलाही व्हिसा असो, तो नोकरी सोडल्यावरही चालतो का, हे मात्र त्याच्या अटी वाचून ठरवा.

एक हिशेब डोक्यात पक्का ठेवा. शेंगेनमध्ये कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि सगळे देश मिळून हा आकडा धरला जातो. दहा दिवस क्रोएशियात गेलात म्हणून फ्रान्सचे दिवस थांबत नाहीत, कारण २०२३ पासून क्रोएशियाही शेंगेनमध्ये आहे.

पासपोर्टचं थोडक्यात सांगते. अनेक देशांना पुढचे सहा महिने वैध असलेला पासपोर्ट लागतो. नूतनीकरण करायचंच असेल तर ३६ ऐवजी ६० पानांचा मागा. मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात हे काम सोपं आहे. परदेशात पानं संपली तर वकिलातीच्या दारात आठवडे जातात.

फ्लॅट आणि ओटीपी गृहीत धरणं

वाकडचा फ्लॅट मी भाड्यानं दिला. रजिस्टर्ड लिव्ह अँड लायसन्स केलं, भाडेकरूची माहिती पोलिसांकडे दिली, सगळं रीतसर. करार मात्र नेहमीच्या सवयीनं अकरा महिन्यांचा केला. फिरायचे महिने चौदा, करार अकराचा. मी पेरूमध्ये असताना तो संपला. नवीन करारासाठी मालकाचा आधारला जोडलेला अंगठा लागतो आणि माझा अंगठा सोळा-सतरा हजार किलोमीटरवर होता. तीन महिने भाडेकरू करार नसताना राहिला. तो भला माणूस होता म्हणून निभावलं, पण मला रात्र-रात्र झोप नव्हती.

जाण्याआधी करारच चोवीस महिन्यांचा करा, किंवा आईवडील-भावंडांपैकी कुणाच्या तरी नावानं कुलमुखत्यारपत्र करून ठेवा. परदेशातून ते करायचं तर वकिलातीत जाऊन साक्षांकन, मग कागद भारतात पाठवणं, मग मुद्रांक. पुण्यात हे एका दिवसाचं काम आहे.

ओटीपीचं दुखणं याहून रोजचं. बँक, पीएफ, आयटी रिटर्न, सगळ्याची किल्ली तुमचा भारतातला मोबाइल नंबर. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करावं लागतं आणि त्यालाही बहुतेक जण आधारचा ओटीपीच वापरतात. नंबरवर रोमिंग निघण्याआधीच सुरू करून घ्या. ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर प्रीपेड सिम बंद होऊ शकतं, म्हणून मी भारतातलं सिम एका जुन्या हँडसेटमध्ये बॅगेच्या तळाशी ठेवलं होतं आणि दर रविवारी चालू करून आईला एक मेसेज टाकायचे. रोजचा फोन चोरीला गेला तरी तो नंबर वाचतो. कार्डांवर परदेशी व्यवहार आपण चालू केल्याशिवाय होत नाहीत, हेही घरीच तपासा. कार्ड दोन वेगळ्या बँकांची हवीत, दोन वेगळ्या पिशव्यांत. एटीएमनं "रुपयांत हिशेब करू का?" असं विचारलं तर नाही म्हणा, तो दर बहुतेक वेळा तोट्याचाच असतो.

"विमा आहे की माझा"

कंपनीचं आरोग्य कवच नोकरीबरोबर संपतं. त्यात आई-बाबा असतील तर त्यांचंही. माझ्या बाबांना मधुमेह आहे आणि नवी पॉलिसी काढली की आधीच्या आजारांसाठी थांबण्याचा काळ नव्यानं सुरू होतो. नोकरीत असतानाच, शेवटच्या दिवसाच्या बरंच आधी, त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, ते विचारा. मी विचारलं नाही, आणि त्या काळात बाबांना साधा ताप आला तरी माझ्या पोटात गोळा यायचा.

प्रवास विमा ही निराळी गोष्ट. वर्षभराच्या मल्टी-ट्रिप पॉलिसीत एका फेरीला दिवसांची मर्यादा असते, बऱ्याचदा ३० ते ६० दिवसांची. सलग चौदा महिन्यांना ती उपयोगाची नाही. बहुतेक भारतीय पॉलिसी देश सोडण्याआधीच घ्याव्या लागतात.

आणि दुचाकी. व्हिएतनामच्या हा जांगमध्ये पुण्याचाच एक मुलगा भेटला, हाताला प्लास्टर. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आला होता, तरी विमा कंपनीनं दावा नाकारला. भारताचा आंतरराष्ट्रीय परवाना रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार दिला जातो, व्हिएतनाम १९६८ चा करार मानतो. म्हणजे तो परवाना तिथे चालतच नाही, आणि वैध परवाना नसताना झालेल्या अपघाताचे पैसे मिळत नाहीत. आपण पुणेकर दुचाकीवरच वाढलो, त्यामुळे हे मनाला पटत नाही. पण तिथे मागे बसा, चालवायला स्थानिक माणूस घ्या.

केनिया, पेरू, ब्राझील मार्गात असतील तर पिवळ्या तापाची लस मान्यताप्राप्त केंद्रातच, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. ते नसेल तर परत येताना भारतातच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.

आईनं निघताना अनारसे बांधून दिले होते. माझं विमान दुबईमार्गे होतं. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे, हे मला सुदैवानं आदल्या रात्री समजलं. डबा काढून ठेवताना तिचा चेहरा बघवला नाही. निघायच्या आठवडाभर आधी घरी हे सांगून ठेवा, आई दुसरं काहीतरी करेल.

फिरणं म्हणजे नवं डेडलाइन

पहिल्या तीन महिन्यांत मी एकोणीस गावं केली. रोज रात्री एक्सेल शीटमध्ये खर्च, किलोमीटर, पाहिलेली ठिकाणं. नोकरी सोडली होती, पण तिचा वेग सोबत आणला होता. चौथ्या महिन्यात तिबिलिसीत एका सकाळी अंथरुणातून उठावंसंच वाटेना. मंदिर, चर्च, संग्रहालय, काहीच नको झालं.

तेव्हा पुढची तिकिटं सोडून दिली आणि तिथेच महिनाभर एका आजींकडे खोली घेतली. डेझर्टर बाजारातून भाजी आणायची, दुपारी वाचायचं. एक दिवस त्यांनी मक्याच्या पिठाची जाड म्चादी तव्यावर थापली आणि मी बघतच राहिले, आमच्या आजीची मक्याची भाकरीच ती. दुसऱ्या दिवशी मी थापली. त्यांना मराठी येत नव्हतं, मला जॉर्जियन येत नव्हतं, पण दोघींना हसू आवरेना. त्या महिन्यानंतर प्रवास मला परत आवडायला लागला.

तुम्हालाही असं झालं तर घरी परत यायची तिकिटं लगेच काढू नका. आधी तीन आठवडे एकाच ठिकाणी राहा, स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. घरी फोन करायचा वार ठरवून टाका. रोज फोन केला तर दोन्हीकडचा जीव टांगणीला लागतो, आणि मुळीच केला नाही तर आई शेजारच्यांना विचारत बसते.

परतीचे पैसे खर्चून टाकणं

मोहिमेसाठी जी रक्कम ठेवाल, त्यातून परत आल्यावरचे सहा महिने वेगळे काढून एफडीत टाका आणि विसरून जा. पीएफला हात लावू नका. सलग पाच वर्षांच्या नोकरीआधी काढला तर कर लागतो. पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडेच महिने उरले असतील तर ग्रॅच्युइटीसाठी ते काढून मगच पेपर टाका. रिलीव्हिंग लेटर, शेवटचा फॉर्म १६ आणि एफ अँड एफचा (नोकरी सोडतानाच्या शेवटच्या देण्याघेण्याचा) हिशेब क्लाउडवर ठेवा. दीड वर्षानं पुन्हा मुलाखतीला गेले तेव्हा मधल्या काळाबद्दल त्यांनी पाच मिनिटं विचारलं, आणि या तीन कागदांबद्दल तीन ई-मेल पाठवले.